साडेसहाचा भोंगा

१

बेचाळीस उत्तरपत्रिकांपैकी सतरांमध्ये चौथ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ शब्दाला शब्द सारखं निघालं, आणि सोमवारी दुपारच्या आत ही बातमी कॉलेजच्या पाण्याच्या नळापर्यंत पोचली. पेपर फुटला. बारावीच्या पूर्वपरीक्षेचा, आणि तोही तर्कशास्त्राचा. माणसं विचार करताना कुठे घसरतात हे ज्या विषयात शिकवायचं, नेमका तोच पेपर घसरला होता.

प्राचार्य अनिलकुमार यांनी वैजयंतीबाईंना फोन लावला. याच कॉलेजात एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून बाई चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. तेव्हापासून शुक्रवार पेठेतल्या घरी बसून रोजच्या वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांमधल्या तर्काच्या चुका लाल पेनाने काढणं हा त्यांचा उद्योग होता. सवय जात नाही, दुसरं काय.

"बाई, घरातलं घरातच निस्तरू," प्राचार्य म्हणाले. "शनिवारी संस्थेची बैठक आहे. सिद्धेश्वरी मॅडमना कायम करायचं की नाही, ते त्यात ठरणार. त्यात हे लचांड. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य."

सिद्धेश्वरीचं नाव ऐकलं आणि बाईंनी हातातलं लाल पेन मिटून ठेवलं. सिद्धेश्वरी म्हणजे बाईंचीच विद्यार्थिनी, आणि आता बाईंच्याच जागेवर आलेली. बाईंच्या निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ आणि अठरा माणसं होती. सिद्धेश्वरीच्या वाढदिवसाला अख्खा वर्ग केक घेऊन तिच्या घरी जातो, हे बाईंना भाजीवालीनं सांगितलं होतं. बाईंच्या तासाला मागच्या बाकांवर पोरं डुलक्या काढायची. सिद्धेश्वरीच्या तासाला म्हणे दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीत उभी राहतात. बाई हे कुणाजवळ बोलत नसत, पण त्या जळत होत्या आणि आपण जळतो आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुपारी त्या प्राचार्यांच्या खोलीत बसल्या आणि पहिली उत्तरपत्रिका उघडली. प्रश्न साधाच होता. कोणतेही तीन तर्कदोष उदाहरणांसह स्पष्ट करा. उत्तराची सुरुवात काकतालीय दोषाने केलेली होती.

'एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असं मानणं हा काकतालीय दोष. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. उदा. सोलापुरात सकाळी साडेसहाचा गिरणीचा भोंगा होतो आणि मागोमाग सूर्य उगवतो. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, गिरणीला सुट्टी देऊ नका, गाव अंधारात राहील.'

बाईंनी दुसरी उत्तरपत्रिका उघडली, तिसरी उघडली. तोच भोंगा आणि तेच गृहस्थ. सतराव्या पत्रिकेपर्यंत जायची गरजच नव्हती. हे उदाहरण कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते वैजयंतीबाईंनी स्वतः रचलं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी.

२

"सरळ आहे," अनिलकुमार म्हणाले. "एक तर मॅडमनी पेपर मुलांना सांगितला, नाहीतर शिपायानं कपाटातून काढून विकला. तिसरं काय असणार?"

दोनच वाटा दाखवून तिसरी झाकून टाकायची, हाही एक दोषच. एरवी बाईंनी प्राचार्यांनासुद्धा बाकावर उभं केलं असतं. आज त्यांनी फक्त उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सारखा केला.

मग मृत्युंजय सर आले. ते राज्यशास्त्र शिकवत. सिद्धेश्वरी गेली तर तिचे तास त्यांच्याकडे येणार होते, आणि ही गोष्ट ते विसरलेले दिसत नव्हते. निम्मा गठ्ठा त्यांच्याकडे तपासायला होता, तेव्हा चोरी प्रथम त्यांनीच पकडली.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी मुलांना अर्धा तास थांबवून घेतलं," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी हे. आता यापेक्षा पुरावा कसला पाहिजे बाई? तशीही ती बाई मुलांबरोबर चहाच्या गाड्यावर उभी राहते. तिच्या शब्दाला काय किंमत द्यायची?"

हा तर शुद्ध कावळा आणि शुद्ध फांदी, वर माणसावर घसरणं फुकट. बाईंना ते ऐकू आलं. पण त्याच वेळी खिडकीतून त्यांना पटांगण दिसत होतं. तिथे सिद्धेश्वरी उभी होती आणि आठदहा मुली तिला घेरून होत्या. एकीनं तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला. एकतीस वर्षांत बाईंच्या पदराला कुणी हात लावला नव्हता.

"चार वर्षांपूर्वी रुजू झाली तेव्हा माझी टिपणवही घेऊन गेली होती," बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना जरा चढल्यासारखा वाटला. "झेरॉक्स काढून परत दिली. भोंग्याचं उदाहरण त्या वहीत आहे. उत्तरातलं दुसरं, मोहोळच्या माणसाचं, तेही आहे. तिसरं कडक भाकरीचं, तेही."

"म्हणजे?"

"म्हणजे वही तिच्याकडे होती आणि उत्तरं वहीतली आहेत. दिली असणार तिनंच."

मृत्युंजय सरांनी मान डोलावली. प्राचार्यांनी सुस्कारा सोडला आणि पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. शनिवारी लेखी अहवाल द्यायचं कबूल करून बाई उठल्या. बाहेर पडताना त्यांना हलकं वाटत होतं. फार दिवसांनी एखादं गोड खाल्ल्यावर वाटतं तसं, आणि पाठोपाठ जळजळ सुरू होते तसंही.

व्हरांड्यात स्टुलावरून शिपाई शरणबसव उठून उभा राहिला. पस्तीस वर्षं त्याचं ते स्टूल तिथंच होतं, बाईंच्या जुन्या वर्गाच्या दाराला लागून. "बाई, पानी देऊ?" त्यानं विचारलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. पण बाईंचं लक्ष कुठं होतं.

३

बुधवारी संध्याकाळी सिद्धेश्वरी शुक्रवार पेठेत आली. रडणार, पाया पडणार, असं बाईंनी धरलं होतं. ती दोन्ही न करता चटईवर बसली आणि तिनं चहासुद्धा संपवला.

"बाई, तुम्ही माझं नाव घेतलंत असं कळलं."

"पुरावा तुझ्याकडे बोट दाखवतो."

"मग एकच विचारते. मी अकरावीत असताना तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला."

परिणामावरून कारणाकडे उलटं चालण्याचा तो दोष, पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे.

"मी हात वर करून म्हटलं होतं, बरोबर आहे. तुम्ही मला म्हणालात, पोरी, मग सडा कोण घालतं? अख्खा वर्ग हसला होता." सिद्धेश्वरीनं रिकामा कप बाजूला सरकवला. "पेपर फोडला तर उत्तरं सारखी येतात. उत्तरं सारखी आली. बाई, सडा कोण घालतं ते तुम्ही शोधलंत का?"

"ती उदाहरणं माझ्या वहीतली आहेत आणि वही तुझ्याकडे होती."

"होती. पण मी ती उदाहरणं वर्गात वापरत नाही. मी भोंगा कधी ऐकलेला नाही. न ऐकलेल्याचं उदाहरण पोरांना कसं देऊ? मी सांगते, मोबाइल चार्जिंगला लावला आणि गल्लीची लाइट गेली. उरलेल्या पंचवीस जणांनी तेच लिहिलंय, बघा तुम्ही."

ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "घरी मी एकटीच कमावती आहे, हे मी बैठकीत सांगणार नाही. तो पुरावा नव्हे. हेही तुम्हीच शिकवलंय."

ती गेल्यावर बाई बराच वेळ धुमसत बसल्या. एवढी शांत कशी राहू शकते ही? आपल्याला वादात कधी असं शांत राहता आलं नाही, याचाही त्यांना हेवा वाटला. मग केवळ तिला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी कपाटातून वही काढली. सिद्धेश्वरीनं परत देताना तिला खाकी कव्हर घातलेलं होतं.

काकतालीय दोष, पान अकरा. बाईंनी वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

'सोलापुरात पहाटे पाचचा गिरणीचा भोंगा होतो आणि मागोमाग सूर्य उगवतो.'

वहीत पाच होतं आणि सतरा उत्तरपत्रिकांत साडेसहा.

४

रात्रभर बाईंनी डोकं खाजवलं तेव्हा आठवलं. बाई मूळच्या मोहोळच्या. त्या सोलापुरात नांदायला आल्या तेव्हा त्या गिरणीचा भोंगा बंद पडून गेला होता. ऐकीव माहितीवर त्यांनी वहीत पाच लिहिलं. पहिल्याच वर्षी वर्गात हे उदाहरण देत असताना मागून कुणीतरी म्हणालं, पाचला कुटं उजाडतंय, साडेसहाचा म्हना की. वर्ग हसला. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या दिवसापासून त्या तोंडाने साडेसहा म्हणत आल्या, पण वही दुरुस्त करायची राहून गेली.

म्हणजे मुलांनी हे वहीतून किंवा झेरॉक्समधून घेतलेलं नव्हतं. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं होतं, आणि सांगणारा माणूस बाईंच्या वर्गात बसलेला होता.

पण सिद्धेश्वरीही बसली होतीच की. साडेसहा तिनंही ऐकलं होतं. बाईंच्या मनातला तो जळका कोपरा लगेच म्हणाला, बघ, तीच. या वेळी बाईंनी त्याला गप्प केलं आणि गुरुवारी सकाळी त्या पुन्हा कॉलेजात गेल्या.

आधी त्यांनी सतरा जणांची नावं हजेरीपटाशी ताडून पाहिली. सतराच्या सतरा जण मोहोळ तालुक्यातले, पहिल्या एसटीनं येणारे. सोलापूर शहरातला एकही नाही. मृत्युंजय सरांचा तो आदल्या दिवशीचा अर्धा तास तिथंच निकालात निघाला, कारण तेव्हा सगळे बेचाळीस जण वर्गात होते. पेपर त्या अर्ध्या तासात फुटला असता, तर भोंगा शहरातल्या एखाद्या तरी पोराच्या पेपरात वाजला असता.

मग त्यांनी सतरांतल्या एका मुलीला रिकाम्या वर्गात बोलावलं. मुलीचं नाव दानेश्वरी.

"भोंगा म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं.

"गिरनीचा असतोय की मॅडम."

"तू ऐकलायस?"

"न्हाय. पर असा वाजायचा." दानेश्वरीनं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. खालून वर चढत जाणारा एक लांब हुंकार काढला, मधेच तो तोडला, पुन्हा धरला आणि शेवटी हळूहळू उतरवत नेला. "मधी असा अडकायचा. कोळसा ओला असला की."

बाईंनी स्वतः हा आवाज कधी काढला नव्हता. त्यांना तो माहीतच नव्हता. सिद्धेश्वरीलाही माहीत असणं शक्य नव्हतं, ती जन्मली तेव्हा गिरणीच्या पत्र्यांवर गवत उगवलं होतं. ज्यानं या पोरीला हे शिकवलं, त्यानं तो भोंगा स्वतःच्या कानानं ऐकला होता, आणि तोही अनेक वर्षं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

दानेश्वरीनं ओंजळ खाली केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाव न्हाय सांगनार मॅडम. सगळी म्हनत्यात पेपर शिपायानं न्हायतर मॅडमनं फोडला. नाव घेतलं तर त्यांची नोकरी जाईल. पेपर फुटल्याला न्हाय, शप्पथ."

५

मोहोळची पहिली एसटी सव्वासहाला येते. शुक्रवारी त्याआधीच बाई रिक्षानं कॉलेजजवळ उतरल्या आणि फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाआड उभ्या राहिल्या. जानेवारीची थंडी होती, आभाळ कोरडं ठणठणीत. तरी पटांगण ओलं होतं.

सडा शरणबसवनं घातला होता. एसटी येऊन गेली तेव्हा बादली बाजूला ठेवून तो वरच्या पायरीवर बसला होता आणि खालच्या पायऱ्यांवर सतरा पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. फाटक उघडणारा तोच. कॉलेज सव्वासातला भरेपर्यंत पोरं थंडीत काय करणार?

"आता मोहोळचा मानूस," शरणबसव सांगत होता. "तो म्हनला, आज लई उकडतंय. दुसरा म्हनला, मोहोळच्या मानसाचं काय ऐकायचं? म्हनून आज उकडत न्हाय. आता मला सांगा, सोलापूरचं ऊन काय मानूस बघून पडतंय व्हय?"

पोरं हसली. मोहोळची होती ना, जास्तच हसली.

"आनी घरात आई म्हनती, कडक भाकरी खा न्हायतर उपाशी झोप. दोनच वाटा. जगात मऊ भाकरी न्हाईच जनू."

बाईंना एकेक शब्द ओळखीचा होता. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा, ते सगळं त्यांचं होतं. एकतीस वर्षं दाराबाहेर स्टुलावर बसून या माणसानं त्यांचा तास न् तास कानात साठवला होता. फक्त त्यांच्या तोंडून निघाल्यावर या उदाहरणांना पोरं डुलक्या घ्यायची, आणि इथं थंडीत कुडकुडत सतरा पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंना मत्सर वाटला. सिद्धेश्वरीचा वाटला नव्हता इतका. ती निदान शिकलेली होती. हा चौथी पास शिपाई, आणि त्यांचाच तास त्यांच्यापेक्षा चांगला घेत होता.

त्या आत गेल्या. पोरं ताडकन उभी राहिली. शरणबसवनं टोपी काढली.

"साडेसहा," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मागून बोललात ते तुम्हीच."

"व्हय बाई. दारातनं बोललो. माझा बाप त्या गिरनीत व्हता. भोंगा झाला की मी त्याचा डबा घेऊन पळायचो. तुमी पाच म्हनलात, मला राहवलं न्हाय." तो खाली बघत राहिला. "मी सोमवारीच सांगनार व्हतो. पर म्हनलं, शिपायाचं नाव निघालं की पेपर विकला म्हनत्याल. सा महिन्यानं रिटायर व्हायचंय. भ्यालो. आता तुमी माझं नाव घ्या बाई. त्या पोरीचं नुसकान नको."

बाईंच्या हातात आता दोन माणसांची भाकरी होती. उद्या त्यांनी नुसतं गप्प राहायचं ठरवलं, तरी सोमवारचं त्यांचं बोलणं प्राचार्यांच्या कागदावर होतंच. सिद्धेश्वरी गेली असती, आणि कुणालाही कधी काही कळलं नसतं.

६

शनिवारच्या बैठकीला संस्थेचे पाच सभासद, प्राचार्य, मृत्युंजय सर आणि भिंतीशी खुर्चीवर सिद्धेश्वरी. शरणबसव चहा देऊन दाराशी उभा राहिला.

"पेपर फुटलेला नाही," बाईंनी सुरुवातच तिथून केली.

मग त्यांनी वही आणि उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. पाच आणि साडेसहा दाखवले. पंचवीस जणांनी लिहिलेला मोबाइल दाखवला. हजेरीपट दाखवला. शेवटी भोंग्याच्या आवाजापाशी आल्या आणि म्हणाल्या की तो या इमारतीत एकाच माणसाला माहीत आहे.

"तीन तर्कदोष लिहा, हा प्रश्न दरवर्षी येतो. तो माहीत असायला पेपर फुटावा लागत नाही. या मुलांना उत्तर रोज सकाळी फुकट मिळतं, सडा घालून झाल्यावर. याला चोरी म्हणायचं असेल तर मग माझी एकतीस वर्षं चोरीच होती."

मृत्युंजय सर हसले. "बाई, सोमवारी तुम्हीच म्हणालात की तिनं दिलं. आता स्वतःच्या विद्यार्थिनीला वाचवताय. गुरूचं प्रेम, दुसरं काय. अशा साक्षीला किती धरायचं?"

"प्रेम?" बाईंनी चष्मा काढला. "सर, मी हिच्यावर जळते. चार वर्षं जळते आहे. सोमवारी मी जे बोलले ते त्या जळण्यातून बोलले. अंगण ओलं दिसलं आणि मी पाऊस ठरवून मोकळी झाले, कारण मला पाऊस हवा होता. मी अकरावीत नापास केलं असतं असं उत्तर ते."

भिंतीशी सिद्धेश्वरी ओठ घट्ट मिटून बसली होती.

"पण मी जळते म्हणून आज खरं बोलते, असंही धरू नका," बाई म्हणाल्या. "आणि प्रेम करत असते तरी खोटं ठरलं नसतं. माणसाकडे बघू नका. वही बघा, पेपर बघा."

सभासदांनी वही बघितली. एकाने शरणबसवला बोलावून भोंगा करून दाखवायला सांगितलं. तो आधी लाजला. मग त्यानं ओंजळ तोंडाशी धरली, आणि सत्तरी ओलांडलेल्या अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. भोंगा मधेच अडकला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर फारशी चर्चा झाली नाही. सिद्धेश्वरी कायम झाली, आणि शरणबसवचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही.

जिन्यात सिद्धेश्वरी बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला मधेच धरलं.

"राहू दे. माझी जळजळ अजून गेलेली नाही."

"मला पण तुमचा हेवा वाटतो बाई," सिद्धेश्वरी म्हणाली. "माझं बोलणं दाराबाहेर बसून कुणी पाठ करणार नाही."

घरी येऊन बाईंनी वही उघडली. पान अकरावरचं 'पहाटे पाचचा' लाल पेनाने खोडलं आणि वर 'सकाळी साडेसहाचा' लिहिलं.

सोमवारी साडेसहाला पटांगण ओलं होतं. बाई पायऱ्यांपाशी आल्या तसा शरणबसव उठून स्टूल पुढे करू लागला. त्यांनी मानेनं नको म्हटलं आणि पदर सावरून पोरांच्या मागे, सगळ्यांत खालच्या पायरीवर बसल्या. दानेश्वरीनं सरकून जागा दिली.

"मॅडम, तुमी पन यांच्या तासाला?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "आजच नाव घातलंय."